फुसका बार

गेल्या वर्षी, दिवाळीला आठवडा राहिला असताना, बाबा माझ्या बंगळूरच्या घरी सोफ्यावर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होते. 81 वर्षांचा माणूस असा हसायला लागला की आधी भीती वाटते, ठसका लागेल म्हणून. मी पाण्याचा पेला पुढे केला. त्यांनी तो हातानेच दूर सारला आणि म्हणाले, "मागे घे गं. ते तोफेचं पुन्हा दाखव."

चित्रपट होता चार्ली चॅप्लिनचा 'द ग्रेट डिक्टेटर'. 1940 सालचा, चॅप्लिनचा पहिला पूर्ण बोलपट. बहुतेकांना त्यातला पृथ्वीगोलाच्या फुग्याशी नाचणारा हुकूमशहा आठवतो, नाहीतर शेवटचं भाषण आठवतं. पण तो सुरू होतो 1918 मध्ये, पहिल्या महायुद्धाच्या अगदी शेवटच्या दिवसांत. चॅप्लिन टोमेनिया नावाच्या काल्पनिक देशाचा साधा शिपाई आहे, धंद्याने न्हावी. एका अजस्र तोफेचा दोर ओढायचं काम त्याच्याकडे आलंय. तोफेचं नाव 'बिग बर्था', आणि नेम धरलाय थेट पॅरिसच्या नोत्रदाम कॅथिड्रलवर. तो कानात बोटं घालून दोर ओढतो. प्रचंड आवाज, धूर, आणि तो गोळा जाऊन पडतो कुठल्याशा परसातल्या संडासावर. पुन्हा नेम धरतात. पुन्हा दोर. या वेळी तोफ एक ढेकर दिल्यासारखा आवाज करते आणि गोळा नळीतून बाहेर येऊन पुढ्यातच चार पावलांवर धप्पकन पडतो.

आता त्याचा फ्यूज तपासायला हवा. मोठा साहेब धाकट्याला सांगतो, धाकटा त्याच्या हाताखालच्याला, तो आणखी खालच्याला. हुकूम घरंगळत घरंगळत येतो तो आपल्या न्हाव्यापाशी. त्याच्या खाली कोणीच नसतं. तो मागे वळून बघतो, आणि मग दबकत गोळ्याकडे जातो. तो जवळ जाताच गोळा जमिनीवर गरगर फिरायला लागतो. चार्ली डावीकडे सरकला की गोळ्याचं नाक डावीकडे. उजवीकडे सरकला की उजवीकडे. जसं कुत्रं एखाद्याच्या मागे लागावं.

बाबा इथे हसत होते. पण आमच्या घरात माझा मुलगा हसला त्या कारणासाठी नव्हे.

"फ्यूज कशाला तपासताय?" ते पडद्याला म्हणाले. "फ्यूज काय करेल बिचारा? गोळा पुढे गेलाच नाही. म्हणजे दोष मागच्या दारूचा. दारू ओली असणार, नाहीतर कमी भरली असणार. हे म्हणजे गाडी सुरू होत नाही म्हणून हॉर्न तपासण्यासारखं आहे!"

आणि पुन्हा हसायला लागले.

बाबांची सगळी नोकरी एका सरकारी दारूगोळा कारखान्यात गेली. मध्य भारतात, हिंदी मुलखात. कारखान्याचं नाव सांगायची गरज नाही. आम्ही ते घरातही कधी घेत नव्हतो, नुसतं 'फॅक्टरी' म्हणायचो. आजोबा विदर्भातून नोकरीसाठी तिकडे गेले आणि तिथलेच झाले. घरात मराठी, अंगणात हिंदी, आणि बाबांच्या तोंडी दोन्हीच्या मध्ये एक तिसरी भाषा, फॅक्टरीची. त्यात गेज, लॉट, प्रूफ, रिजेक्ट असे शब्द होते. बाबा तपासणी विभागात होते. त्यांच्या हातात नेहमी एक गेज असायचं. त्याला दोन टोकं. एक टोक भागात गेलं पाहिजे, दुसरं जाता कामा नये. पहिलं 'गो', दुसरं 'नो-गो'. घरात आम्हा भावंडांना कशाची परवानगी हवी असली, सहलीची किंवा सिनेमाची, की आम्ही दारातूनच विचारायचो, "बाबा, गो की नो-गो?"

ते घर आठवलं की पहिल्यांदा आठवतो तो भोंगा. मग आमच्या दिवाणखान्यातली फुलदाणी. ती म्हणजे तोफेच्या गोळ्याचं पितळी काडतूस होतं, रिकामं, तळाशी आकडे कोरलेलं. आई दर शनिवारी ते चिंचेनं घासायची. आमच्या कॉलनीत अनेक घरांत अशी फुलदाणी होती आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. विश्वकर्मा पूजेला, 17 सप्टेंबरला, फॅक्टरीचं फाटक बायकापोरांसाठी उघडायचं. लेथला झेंडूच्या माळा घातलेल्या असायच्या. आणि दसऱ्याला बाबा घरी पाटावर आपलं मायक्रोमीटर ठेवून त्याला हळदकुंकू वाहायचे. शेजारच्या घरांत शस्त्र म्हणून कुणी सुरी ठेवायचं, कुणी स्कूटरची किल्ली. आमच्याकडे मिलिमीटरचा शंभरावा हिस्सा मोजणारं यंत्र असायचं.

आणखी एक आठवतं. एका हिवाळ्यापासून बाबा रोज संध्याकाळी शिंगाडे घेऊन यायला लागले. थोडेथोडके नव्हेत, पिशवी भरून. आई वैतागायची. उकडून झाले, भाजी करून झाली, वाळवून पीठ केलं, ते उपासाला तर वापरलंच पण बिनउपासाचंही थालीपीठ त्याचंच. "तुमच्या बाबांना शिंगाड्याचं काय वेड लागलंय कोण जाणे," ती म्हणायची. ते वेड तीन-चार हिवाळे टिकलं. मग थांबलं. मला वाटायचं, मोठ्या माणसांना अशी वेडं लागत असतील.

चित्रपट मी तिथेच थांबवला होता. गोळ्याचं नाक चार्लीवर रोखलेलं, चार्ली एका पायावर. माझ्या मुलानं विचारलं, "पण आजोबा, गोळा खरंच असा फिरतो?"

बाबांचा चेहरा उजळला. त्यांना श्रवणयंत्राशिवाय ऐकू येत नाही. प्रूफच्या मैदानावर कानात कापूस घालून काढलेल्या वर्षांची ती मिळकत आहे. पण हा प्रश्न त्यांनी बरोबर ऐकला.

"फिरतोच," ते म्हणाले. "नळीच्या आत पिळाच्या खाचा असतात. गोळा त्यातून फिरत फिरत बाहेर पडतो, म्हणून सरळ जातो. भोवऱ्यासारखा. आणि ते फिरणंच फ्यूजला जागं करतं. फ्यूजला दोन कुलपं असतात असं समज. गोळा सुटताना मागे जो जबरदस्त धक्का बसतो, त्यानं पहिलं उघडतं. फिरल्यानं आतले तुकडे बाहेर फेकले जातात, त्यानं दुसरं उघडतं. दोन्ही उघडली तर आणि तरच तो आपटल्यावर फुटायचा. एरवी तू तो ट्रकमधून ने, हातातून पाड, तो झोपलेलाच राहिला पाहिजे. आमचं सगळं काम एवढंच. झोपायचं तेव्हा झोपला पाहिजे, उठायचं तेव्हा उठला पाहिजे."

मग पडद्याकडे बोट दाखवून म्हणाले, "आणि ह्याचं बघ. पहिलं कुलूप उघडलेलंच नाही, आणि हा जमिनीवर फिरून दुसरं उघडायला निघालाय. फार हुशार माणूस असला पाहिजे हा चार्ली."

चॅप्लिननं फ्यूजचा अभ्यास केला असेल असं मला वाटत नाही. पण त्याच्या थट्टेच्या खाली खऱ्या तोफांचा एक गोंधळ आहे, आणि तो त्याचा एकट्याचा नाही. बिग बर्था नावाची तोफ खरी होती. क्रुप कंपनीनं बनवलेली, 42 सेंटिमीटर तोंडाची, आखूड नळीची. ऑगस्ट 1914 मध्ये तिनं बेल्जियममधल्या लिएजचे किल्ले फोडले. पण तिचा पल्ला पंधरा किलोमीटरसुद्धा नव्हता. पॅरिस तिच्या आवाक्यात कधीच आलं नाही. पॅरिसवर गोळे टाकले ते 1918 च्या मार्चपासून ऑगस्टपर्यंत, एका वेगळ्याच तोफेनं. तिची नळी तीस मीटरहून लांब, आणि ती शंभर किलोमीटरहून अधिक अंतरावरून मारा करायची. पॅरिसच्या लोकांनी तिलाही बर्थाच म्हटलं आणि तेच नाव रूढ झालं.

या दुसऱ्या तोफेची एक गोष्ट मी बाबांना वाचून दाखवली. प्रत्येक बारागणिक तिची नळी आतून इतकी झिजायची की पुढचा गोळा आधीच्यापेक्षा किंचित जाड असावा लागे. म्हणून गोळ्यांना क्रमांक घातलेले असत आणि ते त्याच क्रमानं डागावे लागत. बाबा ऐकत राहिले. म्हणाले, "म्हणजे प्रत्येक गोळ्याला वेगळं गेज!" त्यांच्या आवाजात आदर होता. मग मी पुढचं वाचलं. 29 मार्च 1918, गुड फ्रायडे. पॅरिसच्या सां-जेर्व्हे चर्चमध्ये प्रार्थना चालू असताना त्या तोफेचा एक गोळा छतावर पडला. दगडी कमानी खाली कोसळल्या. नव्वदीच्या आसपास माणसं मेली. हे चर्च नोत्रदामपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे.

म्हणजे चित्रपटात कॅथिड्रलवर धरलेला नेम संडासावर जातो, आणि आपण हसतो. प्रत्यक्षात तो गोळा नेमका कोणावर धरला होता हे सांगता येत नाही, एवढ्या अंतरावरून शहराएवढंच लक्ष्य असतं. पण तो चर्चवर पडला. चॅप्लिननं दोन्ही टोकं उलटी केली. त्याच्या तोफेला देऊळ हवं होतं आणि मिळाला संडास.

बाबा काही बोलले नाहीत. मला वाटलं, ऐकू गेलं नसेल.

इथे मला आमच्या दोघांबद्दल एक सांगायला हवं. 1998 च्या मे महिन्यात पोखरणचे अणुस्फोट झाले तेव्हा मी 21 वर्षांची होते, नागपूरला शिकत होते. आम्ही काही मुलामुलींनी तोंडाला पट्ट्या बांधून मूक मोर्चा काढला होता. सुटीत घरी गेले ती त्याच तोऱ्यात. जेवताना कशावरून तरी विषय निघाला आणि मी विचारलं, "तुमच्या गोळ्यांनी आजवर किती माणसं मेली, याचं रजिस्टर ठेवता का तुम्ही?" आईच्या हातातला डाव हवेतच राहिला. बाबा म्हणाले, "जेवून घे." एवढंच. पुढच्या उन्हाळ्यात कारगिलचं युद्ध सुरू झालं. फॅक्टरी तिन्ही पाळ्यांत चालू झाली. बाबा रात्री घरी येऊन ताटावरच पेंगायचे. मी त्या सुटीत घरी होते. आम्ही दोघं पाण्याच्या नळाबद्दल आणि लाइट बिलाबद्दल बोलायचो. त्यानंतर 25 वर्षं त्यांच्या कामाबद्दल आमच्यात एक शब्द झाला नाही. ते निवृत्त झाले, आई गेली, ते माझ्याकडे राहायला आले. फुलदाणी त्यांनी सोबत आणली. ती मी माझ्या घरी दिवाणखान्यात ठेवली नाही, त्यांच्या खोलीत ठेवली. त्यांनी ते लक्षात घेतलं असणार. मोजमापात चूक न करणारा माणूस.

म्हणून त्या संध्याकाळी ते चॅप्लिनच्या निमित्तानं बोलायला लागले, तेव्हा मी श्वास रोखूनच बसले होते.

खरं तर चॅप्लिन त्यांना आवडतो हे मला आदल्याच दिवशी कळलं होतं. मुलासाठी मी त्याचा 'शोल्डर आर्म्स' लावला होता. तो 20 ऑक्टोबर 1918 चा, म्हणजे महायुद्ध थांबायला तीन आठवडे राहिले असताना पडद्यावर आलेला. खंदकात खरी माणसं मरत असताना खंदकावर विनोदी चित्रपट काढू नकोस, असं चॅप्लिनला अनेकांनी सांगितलं होतं. त्यानं काढला. मूकपट, त्यामुळे बाबांना श्रवणयंत्राची गरज नव्हती. त्यातला चार्ली शत्रूच्या गोळीचा उपयोग करून घेतो: बाटली खंदकाच्या वर धरतो, गोळी येऊन तिचं तोंड उडवते, झालं, बाटली उघडली. सिगारेट वर धरतो, गोळी ती पेटवून जाते. रायफल चालवतो आणि दर नेमाला खडूनं एक रेघ ओढतो; पलीकडून एक गोळी येऊन त्याला चाटून जाते तेव्हा प्रामाणिकपणे एक रेघ पुसून टाकतो. घरून आलेलं चीज इतकं घाण मारतं की तो गॅसचा मुखवटा चढवतो आणि ते चीज हातबॉम्बसारखं शत्रूच्या खंदकात फेकून देतो.

माझा मुलगा लोळत होता. मी मात्र आमच्या फुलदाणीचा विचार करत होते. चॅप्लिननं शस्त्राला घरगुती वस्तू केलं म्हणून आपल्याला हसू येतं. आमच्या घरानंही तेच केलं होतं. फक्त आम्ही हसत नव्हतो, घासत होतो.

आणि ती पुसलेली रेघ. मी जे रजिस्टर 1998 मध्ये बाबांकडे मागितलं होतं, ते चार्लीनं 1918 मध्येच पाटीवर मांडून दाखवलं होतं. त्यात दोन्ही बाजूंचा हिशेब होता.

तर, 'द ग्रेट डिक्टेटर'. मी चित्रपट पुढे चालू केला. गोळा शेवटी फुटतो, कुणाला इजा न करता. मग विमानं येतात. चार्लीला विमानभेदी तोफेवर बसवतात आणि ती तोफ त्याला घेऊन झोपाळ्यासारखी वरखाली, गोल गोल फिरते. मग त्याच्या हातात एक हातबॉम्ब येतो. पिन काढ, दहा मोज, फेक, असं त्याला सांगितलं जातं. तो पिन काढतो, हात मागे घेतो, आणि बॉम्ब त्याच्याच बाहीत शिरतो. बाहीतून अंगात. तो नाचतो, अंग झटकतो, कपडे चाचपतो. बॉम्ब एका जागेवरून दुसरीकडे घसरत राहतो.

"दहा कोण मोजतं," बाबा सवयीनं पुटपुटले. "चार सेकंदांत खेळ खलास."

मग ते गप्प झाले. चार्ली अजून नाचत होता, मुलगा हसत होता, आणि बाबांनी हात पुढे करून म्हटलं, "बंद कर जरा."

मला वाटलं, मुलाला झोपायला पाठवायचं आहे. पाठवलं. बाबा बराच वेळ आपल्या उजव्या हाताकडे बघत होते. मग म्हणाले, "शिंगाडेवाला मुलगा आठवतो तुला?"

मला आठवत नव्हता. शिंगाडे आठवत होते.

"नाही आठवणार. तू नऊ वर्षांची होतीस. 86 ची गोष्ट."

त्यांनी सांगितलं ते असं. फॅक्टरीच्या पलीकडे काही कोसांवर चांदमारीचं मैदान होतं, जिथे गोळे डागून बघत. आसपासच्या खेड्यांतली माणसं रात्री तिथे शिरत आणि पितळ, तांबं, लोखंड वेचून कबाड्याला विकत. पाट्या होत्या, पहारा होता, तरी शिरत. भूक पाटी वाचत नाही. फॅक्टरीच्या फाटकाबाहेर तळ्यातले शिंगाडे विकणारं एक कुटुंब होतं, त्यातला बारा-तेरा वर्षांचा मुलगा एका रात्री मोठ्या पोरांबरोबर गेला. त्याला एक गोळा सापडला. न फुटलेला. त्यानं तो उचलला. जगला तो, पण उजवा हात कोपरापासून गेला.

"आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं," बाबा म्हणाले. "मी स्टोअरमध्ये गेलो. त्या आठवड्यात कुठला लॉट डागला ते बघितलं. तीन लॉट होते. त्यातल्या एकाच्या कागदावर चौघांच्या सह्या होत्या. एक माझी."

"पण बाबा, तो गोळा त्याच लॉटमधला होता कशावरून? कदाचित वर्षानुवर्षं पडलेला असेल."

"असेल. म्हणूनच कोणी काही विचारलं नाही." ते थांबले. "तुला लॉट कसा पास होतो ठाऊक आहे का? सगळे गोळे डागून बघता येत नाहीत. डागला की संपला. मग काय करायचं, लॉटमधून काही नग काढायचे, ते डागायचे. त्यातले इतके फुटले पाहिजेत. एखाद-दुसरा नाही फुटला तर चालतं, नियमात बसतं, लॉट पास. त्याहून जास्त फुसके निघाले तर रिजेक्ट. शून्य कधीच नसतं, बेटा. कुठल्याच देशात नसतं. मी सही करायचो तेव्हा मला ठाऊक असायचं की ह्यात काही फुसके आहेत. कुठले ते ठाऊक नसायचं."

मी काय बोलणार होते? 25 वर्षांपूर्वी मी त्यांना विचारलं होतं की तुमचे किती गोळे फुटले. त्यांच्या मनात तेव्हाही दुसराच हिशेब चालू होता: किती फुटले नाहीत.

"पुढच्या हिवाळ्यात तो परत फाटकाशी बसायला लागला," बाबा म्हणाले. "डाव्या हातानं तोलायचा. तराजू गुडघ्यात धरून. मी तोललेलं कधी तपासलं नाही."

मराठीत 'फुसका बार' म्हणजे ज्याचा गाजावाजा झाला आणि निघालं काहीच नाही असं काहीतरी. पुढाऱ्याचं भाषण, क्रिकेटमधला एखादा फलंदाज, शेजारच्यांचं लग्न. हसण्याचा शब्द आहे तो. चॅप्लिनच्या त्या प्रसंगातली गंमतही तीच आहे: एवढी मोठी तोफ आणि ढेकर. पण फुसका निघालेला गोळा हा निरुपद्रवी गोळा नसतो. तो नुसता वाट बघत असतो. फ्रान्स आणि बेल्जियममधल्या शेतांत पहिल्या महायुद्धातले न फुटलेले गोळे आजही नांगराला लागतात. शेतकरी ते उचलून बांधावर ठेवतात आणि बॉम्ब निकामी करणाऱ्या पथकाची गाडी येऊन ते गोळा करून नेते. त्याला तिकडे लोखंडाचं पीक म्हणतात. 2014 च्या मार्चमध्ये बेल्जियमच्या ईप्र शहरात एका बांधकामावर तसा एक गोळा फुटला आणि दोन कामगार ठार झाले. युद्ध सुरू होऊन तेव्हा शंभर वर्षं पूर्ण व्हायची होती. त्या शंभर वर्षांत तो गोळा तपासणाराही गेला, डागणाराही गेला, आणि ज्याच्यावर डागला होता तोही कधीच गेला असेल.

युद्धावरच्या विनोदी चित्रपटांत शस्त्र नेहमी चुकतं. गोळा मागे पडतो, बॉम्ब बाहीत जातो, तोफ चालवणाऱ्यालाच झोपाळ्यावर बसवते. शस्त्रानं आपलं काम केलं नाही की आपण सुटकेचं हसतो, कारण मनातून आपल्या सगळ्यांना तेच हवं असतं. बाबा मात्र आयुष्यभर त्या बाजूला उभे होते जिथे शस्त्र चुकणं ही सर्वांत भयंकर गोष्ट आहे. ते दोन्ही खरं आहे, हे मला त्या सोफ्यावर कळलं. आणि दोन्ही खरं असल्यामुळे माझ्या 1998 च्या प्रश्नाचं उत्तर मिळालं असं मात्र झालं नाही. तो प्रश्न मी मागे घेत नाही. फक्त तो विचारताना मी एका माणसाकडे बोट दाखवलं होतं, आणि तो माणूस रोज संध्याकाळी पिशवी भरून शिंगाडे आणत होता, हे मला तेव्हा ठाऊक असायला हवं होतं.

चॅप्लिनलाही आपल्या हसण्याचा हिशेब द्यावा लागलाच. 1964 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात त्यानं लिहिलंय की जर्मन छळछावण्यांतली खरी भीषणता आधी कळली असती तर हा चित्रपट आपल्या हातून झाला नसता. जग त्याला म्हणालं, बरं झालं तुला कळलं नव्हतं. मीही तेच म्हणते. पण त्यानं ते लिहिलं, एक रेघ पुसली, याबद्दल तो मला अधिक आवडतो.

दुसऱ्या दिवशी बाबांनी उरलेला चित्रपट स्वतःहून लावायला सांगितला. हातबॉम्बच्या प्रसंगापासून नाही, त्याच्या पुढून. चार्ली उलट्या विमानातून जातो, आणि खिशातलं घड्याळ साखळीला वरच्या दिशेनं लोंबतं, ते बघून ते पुन्हा हसले. शेवटच्या भाषणाला त्यांनी श्रवणयंत्राचा आवाज वाढवला आणि इंग्रजी असूनही पूर्ण ऐकलं. "चांगलं बोलला," म्हणाले. "जरा लांबलं. पण चांगलं बोलला."

फुलदाणी मी बाहेर आणली नाही. तिच्याबद्दल आम्ही बोललोही नाही. ती त्यांच्या खोलीत आहे आणि मी आता तिच्यात कधीकधी फुलं ठेवते, एवढंच.

लक्ष्मीपूजनाच्या रात्री आमच्या इमारतीच्या आवारात मुलं फटाके उडवत होती. कन्नड, तेलुगू, हिंदी, सगळा कालवा. एका मोठ्या बाराची वात जळून गेली आणि काहीच झालं नाही. मुलांनी "फुस्स" करून त्याची टर उडवली. त्यातला एक पाच-सहा वर्षांचा मुलगा तो उचलायला पुढे निघाला. माझ्या लक्षात यायच्या आत बाबा गॅलरीतून ओरडले, एवढ्या मोठ्यानं की मी त्यांचा तो आवाज कधी ऐकला नव्हता, "रुक! हाथ मत लगा!" मुलगा जागच्या जागी थिजला.

मग ते आत आले, न्हाणीघरातली बादली भरली, आणि मला हात लावू न देता ती घेऊन लिफ्टनं खाली गेले. मी वरून बघत होते. त्यांनी सगळ्या मुलांना मागे सारलं, लांबूनच पाणी ओतलं, आणि तिथेच उभे राहिले. मुलं कंटाळून दुसऱ्या कोपऱ्यात गेली, तिथे भुईनळे लागले, तरी ते उभेच होते, रिकामी बादली डाव्या हातात धरून, त्या ओल्या कागदी नळकांड्याकडे बघत. मी खाली जाऊन त्यांच्या शेजारी उभी राहिले.

"अजून किती वेळ?" मी विचारलं.

"अजून थोडा," ते म्हणाले.